ब्रिटनचं पेन्शन: दहा वर्षांचा हिशेब

पुण्या-ठाण्यातल्या अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक फाइल पडून असते. रेडिंगच्या नाहीतर मँचेस्टरच्या घरभाड्याचा करार, मुलांचे शाळेचे दाखले आणि त्यांच्यामध्ये ‘पी-60’ हा वर्षअखेरचा कागद. त्यावर आधी दोन अक्षरं, मग सहा आकडे, शेवटी एक अक्षर. हा तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे ‘एनआय नंबर’. परत येऊन वर्षं लोटली तरी तो बदलत नाही. या कागदाबद्दल मित्रमंडळींत ज्या गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच अर्धवट असतात. एकेक तपासून पाहू.

गैरसमज 1: तीन-चार वर्षंच नोकरी केली, कापलेले पैसे बुडाले.

वस्तुस्थिती: 2016 च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये नवं स्टेट पेन्शन लागू आहे. त्यासाठी किमान 10 पात्र वर्षं लागतात. ज्यांची नोंद 2016 नंतर सुरू झाली, त्यांना पूर्ण पेन्शनसाठी 35 वर्षं लागतात. नऊ वर्षं भरली तर हाती शून्य येतं, हे खरं. पण मधली रिकामी वर्षं ऐच्छिक वर्गणी भरून पात्र करता येतात, आणि नियमांत बसत असाल तर ती भारतात बसूनही भरता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व किंवा तिथलं कायम वास्तव्य लागत नाही.

गैरसमज 2: हे पीएफसारखंच आहे, परत येताना काढून घ्यायचं.

वस्तुस्थिती: एनआयमध्ये तुमच्या नावाचं खातं नसतं, शिल्लक नसते आणि व्याजही नसतं. आज भरणाऱ्यांच्या पैशातून आजच्या वृद्धांना पेन्शन मिळतं. तुमच्या नावावर जमतात ती वर्षं. म्हणून देश सोडताना परतावा मिळत नाही. पेन्शनच्या वयाआधी मृत्यू झाला, तर नव्या पद्धतीत भरलेली वर्गणी वारसांना परत मिळत नाही. सध्या ते वय 66 वरून टप्प्याटप्प्यानं 67 कडे चाललं आहे. प्रकृतीचा विचार करूनच पैसे भरावेत.

गैरसमज 3: भारत-ब्रिटन करार झालाय, आता ईपीएफची वर्षं तिकडे जोडली जातील.

वस्तुस्थिती: 24 जुलै 2025 ला व्यापार करारावर सह्या झाल्या, आणि त्याच्या जोडीनं दुहेरी वर्गणी टाळण्याची सोयही ठरली. तिचा अर्थ इतकाच की कंपनीनं तात्पुरतं तिकडे पाठवलेल्या माणसाला एकाच पगारावर दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये. इकडची वर्षं तिकडच्या दहात मोजण्याची सोय त्यात नाही.

इथे आणखी एक मेख आहे. भारतीय कंपनीनं तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला जुन्या नियमानुसारही पहिले 52 आठवडे एनआयमधून सूट मिळू शकत होती. त्यामुळे ‘मी पाच वर्षं होतो’ असं म्हणणाऱ्याच्या नोंदीत चारच वर्षं सापडतात. उलटही घडतं. तिकडचं करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल असतं. चांगल्या पगाराची काही महिन्यांची नोकरीसुद्धा अख्खं वर्ष पात्र करून जाते. म्हणून बोटांवर मोजू नका, सरकारी नोंद मागवा.

गैरसमज 4: घाई कसली? निवृत्तीच्या वेळी एकदम भरू.

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. रिकामं वर्ष साधारणपणे पुढच्या सहा वर्षांतच भरता येतं, आणि दर 5 एप्रिलला एक जुनं वर्ष हातातून जातं. 2006 पासूनची वर्षं भरण्याची खास मुदत 5 एप्रिल 2025 ला संपली.

त्यात नियमही बदलले. परदेशातून भरण्याचे दोन मार्ग होते. ब्रिटन सोडण्याच्या लगेच आधी तिथे काम करणाऱ्या आणि परदेशातही कामावर असणाऱ्यांना क्लास 2 ची स्वस्त वर्गणी भरता येई. 2025-26 मध्ये ती आठवड्याला 3.50 पौंड, म्हणजे वर्षाला 182 पौंड होती. नोकरी न करणाऱ्यांसाठी क्लास 3 होता. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचं वास्तव्य किंवा तीन वर्षांची वर्गणी एवढ्यावर दार उघडत असे. 6 एप्रिल 2026 पासूनच्या काळासाठी परदेशातून क्लास 2 बंद झाला. आता फक्त क्लास 3 उरला आहे. तो आठवड्याला 18.40 पौंड आहे आणि त्यासाठी तीनऐवजी दहा वर्षांची अट आहे. आधीपासून भरत असलेल्यांसाठी संक्रमणाच्या वेगळ्या तरतुदी आहेत. त्याआधीच्या रिकाम्या वर्षांना मात्र सहा वर्षांच्या मुदतीत जुनेच नियम लागू राहतात.

गैरसमज 5: एवढ्याशा पेन्शनसाठी कोण खटपट करणार?

वस्तुस्थिती: समजा, एका इंजिनिअरची 2016-17 ते 2019-20 ही चार वर्षं पात्र आहेत. तो परत येऊन लगेच पुण्यात नोकरीला लागला. 2020-21 ते 2025-26 ही सहा वर्षं त्यानं क्लास 2 नं भरली तर खर्च साधारण अकराशे पौंड, आणि दहा वर्षं पुरी होतात. 2026-27 मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला 241.30 पौंड आहे. त्याचे पस्तीसपैकी दहा हिस्से म्हणजे आठवड्याला सुमारे 69 पौंड, वर्षाला साडेतीन हजारांच्या वर. तीच सहा वर्षं क्लास 3 नं भरायची तर साडेपाच हजार पौंडांच्या वर जातात. पेन्शन दोन वर्षं मिळालं की तेही वसूल होतात.

गैरसमज 6: हे पेन्शन महागाईप्रमाणे वाढत जातं.

वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं वाढतं. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल त्या दरानं दर एप्रिलला. भारतात राहणाऱ्यांचं मात्र पहिल्या दिवशी ठरलेल्या रकमेवर गोठतं. 2016 मध्ये पूर्ण पेन्शन 155.65 पौंड होतं. त्या वर्षी भारतात पूर्ण पेन्शन सुरू झालेल्याला आजही तेवढंच मिळतं. तिकडे राहायला गेलात तर तेवढ्या काळापुरता नवा दर लागतो. म्हणून नफ्याचं गणित मांडताना पुढची वाढ धरू नका. शिवाय भारतात राहत असाल तर हे उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.

मग करायचं काय?

आधी ब्रिटनच्या कर खात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, एनआयची नोंद आणि पेन्शनचा अंदाज मागवा. मग सीएफ-83 हा अर्ज भरा. कोणती वर्षं कोणत्या क्लासमध्ये भरता येतील याचं लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नका. उत्तराला काही महिने लागू शकतात, म्हणून मार्चची वाट पाहू नका.

वरच्या उदाहरणातल्या इंजिनिअरच्या हातात सहाच वर्षं आहेत, आणि त्याला सहाच लागतात. त्यांतलं पहिलं, 2020-21, भरण्याची मुदत 5 एप्रिल 2027 ला संपते. ते हुकलं की नोंद नऊ वर्षांवर अडते, नवं वर्ष भरण्याचं दारही त्याला बंद असतं, आणि नऊ वर्षांचं पेन्शन शून्य असतं.