पट्टीखालची हातोडी : स्टेज पियानोची पारख

हार्मोनियम, गिटार आणि तबल्याच्या दुकानांतून ८८ पट्ट्यांचा डिजिटल स्टेज पियानोही आता ठेवलेला दिसतो. ऑर्केस्ट्रावाले, ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची तयारी करणारी मुले, वसई-गोव्याकडील चर्चमधील गायकवृंद हे त्याचे गिऱ्हाईक. माल महाग असल्याने एक नग पडून राहिला तरी लहान दुकानदाराचे भांडवल अडकून पडते. संगीताविषयी उलेमांची मते काय आहेत, हा या पानाचा विषय नाही. जे बंधू या धंद्यात आहेत त्यांनी हा माल पारखून घ्यावा व सांगून विकावा, एवढ्यासाठी हा लेख.

गिऱ्हाईक आवाज ऐकून भुलते. वास्तविक आवाज चिपमध्ये असतो व चिप सहसा झिजत नाही. झिजतो तो पट्ट्यांचा संच, म्हणजे की-बेड. किमतीतला मोठा फरकही तिथेच असतो.

खऱ्या पियानोत पट्टी दाबली की मागे फेल्ट लावलेली हातोडी उडून तारेवर बसते. बोटाला जो भार जाणवतो तो त्या हातोडीचा. हार्मोनियमच्या पट्टीखाली नुसती स्प्रिंग असते, त्यामुळे ती जितकी दाबावी तितकी उलटी ढकलते. हातोडीचा भार निराळा. सुरुवातीला जड वाटतो, एकदा हलला की सुटतो. डिजिटल पियानोत तार नसते, पण प्रत्येक पट्टीला वजनाची हातोडी जोडून तोच भार आणलेला असतो. खर्जाकडे जड, तारसप्तकाकडे हलका, अशी चढउतारही ठेवतात. पट्टीखालचे रबरी कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ एक टेकतात आणि त्यांच्यामधला वेळ मोजून यंत्र ठरवते की बोट जोरात पडले की हळू. कॉन्टॅक्ट दोन असले तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय तोच स्वर पुन्हा नीट वाजत नाही. तीन असले तर अर्ध्यावरूनच पुन्हा वाजतो. जलद वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

आता कंपन्यांकडे वळू. यामाहाच्या पी-४५ व पी-१२५ मध्ये जीएचएस नावाचा संच आहे. दोन कॉन्टॅक्ट, सगळे प्लास्टिक, वजन साडेअकरा-बारा किलोच्या आसपास. शिकणाऱ्या मुलासाठी पुरेसा. २०२३ साली आलेल्या पी-१४५ व पी-२२५ मध्ये त्याची जागा जीएचसी या आटोपशीर संचाने घेतली. त्याच कंपनीचा २०१९ चा सीपी-८८ मात्र वेगळ्या जातीचा. पांढऱ्या पट्ट्या लाकडी, कॉन्टॅक्ट तीन, वजन १८.६ किलो. रोलँडने स्वस्त मालातही हात आखडता घेतलेला नाही. एफपी-३०एक्स व आरडी-८८ मधील पीएचए-४ संचाला तीन कॉन्टॅक्ट आहेत आणि हळू दाबताना खऱ्या पियानोत जी बारीकशी अटक लागते तीही आहे. आमच्या मते मध्यम किमतीत याहून भरवशाचा सौदा नाही. वरच्या आरडी-२००० मध्ये लाकूड व प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या आहेत. तो २१.७ किलोचा आहे, उचलायला माणूस लागतो. कावाईचा एमपी-११एसई त्याहून पुढचा. पूर्ण लाकडी लांब पट्ट्या, भार उत्तम, पण वजन ३० किलोहून अधिक. स्टुडिओत एका जागी ठेवायचा असेल तरच हा घ्यावा, रोज टेम्पोत चढवायला नव्हे. उलट कॅसिओचा २०१९ चा पीएक्स-एस१००० हा ११.२ किलोचा, बॅटरीवरही चालणारा. फिरतीच्या वादकाला सोयीचा, पण त्याच्या पट्ट्या आतून आखूड.

आखूड म्हणजे काय, हे कारागिराला सांगायला नको. पट्टी ही पहारीसारखी आहे. टेकू जितका जवळ तितका जोर जास्त. म्हणून दुकानात वाजवून पाहताना पट्टीच्या टोकाशी बोट ठेवून फसू नये. काळ्या पट्ट्यांच्या मधल्या बोळात, अगदी मागे बोट घालून पांढरी पट्टी दाबावी. तिथे ती दगडासारखी लागली तर टेकू जवळ आहे असे समजावे.

नावावरही जाऊ नये. इटलीत रेकानाती येथे, अकॉर्डियनच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात, फातार ही कंपनी पट्ट्यांचे संच बनवून इतरांना पुरवते. स्वीडनच्या नॉर्डचा स्टेज-३ हा फातारच्या संचावर चालतो, तर त्याच नॉर्डच्या ग्रँड या मॉडेलमध्ये कावाईचा संच आहे. झाकणावरचे नाव एक, आतला कारागीर दुसरा!

भार मोजण्याची एक सोपी रीत आहे. यंत्र बंद ठेवून पट्टीच्या टोकावर दहा रुपयांची नाणी एकावर एक ठेवत जावीत. एक नाणे ७.७१ ग्रॅमचे. खऱ्या पियानोची मधली पट्टी साधारण ५० ग्रॅमला, म्हणजे सहा-सात नाण्यांना खाली जाते. डिजिटल माल बहुधा याहून जड निघतो. दोन यंत्रांची तीच पट्टी अशी मोजून पाहावी. शेजारशेजारच्या पट्ट्यांत दोन-तीन नाण्यांचा फरक निघाला तर आत काहीतरी अडले आहे.

सेकंडहँड मालात खरी जोखीम आहे. पाच मिनिटांच्या डेमोत ऐब दिसत नाही आणि काही विक्रेते नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेतात. आवाज बंद करून ८८ पट्ट्या एकेक दाबाव्यात. ठक्‌ असा कोरडा आवाज आला तर फेल्ट दबलेले आहे. मग हेडफोन लावून प्रत्येक पट्टी हळू वाजवावी. एखादी एकदम ओरडली किंवा वाजलीच नाही, तर कॉन्टॅक्टमध्ये धूळ आहे किंवा रबर गेले आहे. मालातला ऐब ठाऊक असून तो न सांगता विकणे शरीयतला मंजूर नाही, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नसावी. पण ऐब ठाऊक व्हायला तपासावे लागते, आणि न तपासता ‘मला माहीत नव्हते’ म्हणणाऱ्याची बाजू आम्हाला लंगडी वाटते.

दुरुस्तीत आपल्या कारागिरांना जागा आहे. मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर हे मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी. एकोणिसाव्या शतकात ते सतारीकडे वळले आणि त्या गावाचे नाव झाले. हार्मोनियमच्या पट्ट्या बसवणाऱ्या हाताला हा संच परका नाही. रबरी कॉन्टॅक्ट काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावेत. सँडपेपर मुळीच लावू नये, कारण कार्बनचा काळा थर निघाला की तो कॉन्टॅक्ट कामातून गेला. शिवणयंत्राचे तेल टाकू नये, प्लास्टिकला चालणारे ग्रीसच वापरावे. फेल्ट बदलताना जुन्याची जाडी मोजून तेवढेच घालावे. जाड घातले तर पट्टी पूर्ण खाली जात नाही आणि जोराचा स्वर निघेनासा होतो. काय बदलले आणि काय तसेच ठेवले, ते पावतीवर लिहून द्यावे.