लेपर्ड गेकोच्या पेटीत वाळू का नको? तळ आणि सजावट कशी निवडावी

लेपर्ड गेको म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली पाल. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातली ही पाल अमेरिका-युरोपात अनेक पिढ्या घरांत वाढवली जाते. नीट सांभाळली तर ती 15 ते 20 वर्षं जगते.

‘कोरड्या प्रदेशातला प्राणी, म्हणजे पेटीत वाळू हवी’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ही पाल मोकळ्या वाळूत नाही, तर कडक माती, खडी आणि खडकांच्या कपारींत राहते. महाराष्ट्र-गुजरातमध्ये आढळणारी तिची जवळची जातही दगडधोंड्यांच्या आडोशाला राहते. (निसर्गातली अशी पाल पकडून घरी आणू नये.)

वाळूमुळे काय होतं?

गेको भक्ष्यावर तोंडाने झडप घालतो आणि जमीन चाटतो. त्यामुळे वाळूचे कण पोटात जातात. धडधाकट प्राण्याच्या विष्ठेतून थोडी वाळू निघून जाते. पण पिल्लू असेल, पेटीत पुरेशी ऊब नसेल किंवा शरीरात पाणी कमी असेल, तर वाळू साचून आतडं बंद होऊ शकतं.

दुकानात मिळणारी ‘कॅल्शियम सँड’ पचते, असं सांगितलं जातं. धोका तिथेच आहे. कॅल्शियमची कमतरता असलेला गेको ती मुद्दाम खातो. कॅल्शियम भुकटीच्या रूपात, किड्यांना लावूनच द्यावं.

तळाला काय घालावं?

- पिल्लू, आजारी किंवा नवा आणलेला गेको: साधा टिश्यू पेपर. स्वस्त, रोज बदलता येतो आणि विष्ठा लगेच दिसते.
- निरोगी प्रौढ गेको: खरखरीत फरशी किंवा स्लेटचा दगड. पुसायला सोपा, ऊबही धरून ठेवतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात.
- नैसर्गिक तळ हवा असल्यास: खत नसलेली माती 70 टक्के आणि बारीक वाळू 30 टक्के, ओली करून दाबून पूर्ण वाळवलेली. ही फक्त निरोगी प्रौढासाठी.

अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे टाळावेत. देवदार आणि पाइनच्या भुशातली तेलं श्वसनमार्गाला त्रास देतात. कार्पेटच्या धाग्यांत नखं अडकतात.

पेटीत आणखी काय हवं?

लपायच्या तीन जागा हव्यात: एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला आणि एक ओलसर. ओलसर जागेसाठी झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि आत ओलं शेवाळ किंवा टिश्यू पुरतो. कात टाकताना हा ओलावा लागतो. नाहीतर बोटांवर कातीचे वेढे राहतात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं गळून पडतात.

उबदार बाजूच्या पृष्ठभागाचं तापमान 31 ते 33 अंश सेल्सिअस असावं, तर थंड बाजूचं साधारण 25. हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. विजेवर तापणारे ‘हीट रॉक’ तर नकोच, कारण त्यांनी पोट भाजतं.

जड दगड मातीवर ठेवू नयेत. गेको खाली उकरतो आणि दगड अंगावर कोसळतो. आधी दगड थेट पेटीच्या तळावर पक्का बसवावा, मग भोवती माती घालावी. धारदार कडा, सुटणारा रंग आणि चिकट डिंक असलेली लाकडं टाळावीत.

डॉक्टरांकडे कधी जावं?

अनेक दिवस विष्ठा नाही, पोट फुगलं आहे, खाणं बंद आहे किंवा मागचे पाय ओढत चालतो आहे, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्यावं. जाताना पेटीत कोणता तळ आहे आणि तापमान किती असतं, हे टिपून न्यावं. उपचाराची दिशा ठरवताना या दोन गोष्टी कामी येतात.