समजून घ्या : गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट हेडर बसवताय? आधी दोन बोटांचा हिशेब करा

बिलोली : मोबाइलवर ऑर्डर द्यायची, काही दिवसांत कुरिअर दारात. चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या वाकवलेल्या नळ्यांचा जुडगा, म्हणजेच ‘एक्झॉस्ट हेडर’, आता तालुक्याच्या गावातही असा घरबसल्या मागवता येतो. व्हिडिओत तो पाच मिनिटांत बसलेला दिसतो. प्रत्यक्षात छोट्या गाडीचे बॉनेट उघडले की पाना फिरवायलाही जागा नसते. खरी अडचण पान्याची नाही, उष्णतेची आहे. ती समजून घेतली नाही, तर पैसे, परवाना आणि गाडी तिन्ही धोक्यात येतात.

हेडर म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, जाड आणि आखूड असतो. हेडरमध्ये त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, पातळ आणि शक्य तितकी समान लांबीची नळी असते.

चार सिलिंडरचे इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल, तर सेकंदाला १०० वेळा वायूचा झोत बाहेर पडतो. आखूड मॅनिफोल्डमध्ये हे झोत एकमेकांच्या वाटेत येतात. नळ्यांची लांबी नीट जुळवली, तर पुढे गेलेला झोत मागच्याला ओढून घेतो आणि सिलिंडर अधिक मोकळा होतो. हेडरमागचे शास्त्र एवढेच.

मग ताकद वाढते का?

वाढू शकते, पण बहुतेक वेळा वरच्या आरपीएमवर. एका ठराविक वेगासाठी जुळवलेली नळी दुसऱ्या वेगाला तितकी उपयोगी नसते. नरसी किंवा देगलूरच्या रस्त्यावर रोजची गाडी चालते ती २,००० ते ३,००० आरपीएमच्या आसपास. तिथे फरक जाणवेलच असे नाही. उलट खालची ओढ कमीही होऊ शकते. त्यातच इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, बदल केला नाही, तर वाढतो तो मुख्यतः आवाज.

जागा कमी असेल तर काय अडते?

छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते. मॅनिफोल्ड एकतर रेडिएटरच्या बाजूला असतो, नाहीतर मागे केबिनच्या पत्र्याला लागून. मागे असेल तर गाडी जॅक स्टँडवर घेऊन खालून हात घालावा लागतो. काही गाड्यांत इंजिनाला आधार देऊन त्याचे एक माउंटिंगही सोडावे लागते.

पहिला दगा देतो तो गंजलेला स्टड. वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन नट त्याला धरून बसलेला असतो. जोर लावला की स्टड इंजिन हेडमध्येच तुटतो. मोकळ्या जागेत तो ड्रिलने काढता येतो. अडचणीत ड्रिल सरळ धरता येत नाही आणि अख्खे हेड उतरवण्याची वेळ येते. म्हणून जाणकार मेकॅनिक आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावत नाही.

बसवताना पॅकिंग नवे हवे. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे, तेही कंपनीने ठरवून दिलेल्या टॉर्कनेच. गाडी एकदा तापून थंड झाली की ते पुन्हा तपासायचे.

दोन बोटांचा हिशेब काय आहे?

पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू जोरात चालवताना ८०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. कंपनीच्या मॅनिफोल्डवर उष्णता अडवणारे पत्र्याचे कवच असते. बाहेरचा हेडर अनेकदा त्याशिवायच बसवला जातो. त्याच्या नळ्या जास्त जागा व्यापतात आणि वायरिंग, एसीची नळी, स्टीअरिंगचे रबर, पेट्रोलची लाइन यांच्याजवळ जातात. त्यात मराठवाड्याचा मे महिना, म्हणजे बाहेरच चाळिशीपार पारा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ नुसार एक्झॉस्टची नळी आणि इंधनाची लाइन यांच्यात ३५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर चालत नाही. ३५ मिलिमीटर म्हणजे साधारण दोन बोटांची रुंदी. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठीचा नियम ११४ सांगतो, की जवळच्या ज्वलनशील वस्तूमुळे आग लागणार नाही अशा रीतीने नळी बसवलेली किंवा झाकलेली असावी.

इथे एक बाब सुटते. इंजिन सुरू असताना स्थिर नसते. क्लच सोडताना, खड्ड्यात गाडी आदळताना ते रबरी माउंटिंगवर डोलते. उभ्या गाडीत मोजलेले अंतर चालत्या गाडीत कमी होते.

गळती राहिली तर?

जोडातून वायू गळू लागला की आधी टक-टक आवाज येतो. त्याच फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि ऑक्सिजन सेन्सर फसतो. इंधन कमी पडतेय असे समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो आणि मायलेज घसरते.

त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी पुढच्या काचेच्या तळाशी, इंजिनाला लागूनच असते. गळणारा वायू तिथून आत येऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाला चिकटूनच, मॅनिफोल्डसोबत असतो. हेडर बसवायचा म्हणजे अनेकदा तोच काढावा लागतो. काही नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो; तिथे हेडर बसवायला जागाच नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) लागते : पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. येसगीजवळ मांजरा ओलांडून बोधनकडे गेले म्हणून सुटका नाही. कायदा केंद्राचा आहे, नदीच्या दोन्ही काठांना तोच. अपघात झाला वा आग लागली, तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विम्याचा दावाही अडू शकतो.

मग करायचे काय?

हेडरची खरी जागा रेस ट्रॅकवर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धेसाठी बांधतात त्या गाड्यांत आहे. तिथे नळीची लांबी, ईसीयू आणि उष्णतेचे कवच यांची आखणी एकत्र होते.

रस्त्यावरच्या गाडीची ओढ कमी वाटत असेल, तर आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टायरमधील हवा आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग तपासा. मॅनिफोल्डला तडा गेला असेल, तर कंपनीचाच भाग बसवा. काम झाल्यावर उष्णतेचे कवच परत लागले का, हे बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहा. ‘खडखडतेय’ म्हणून काढून ठेवलेला तो पत्रा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो, आणि पेट्रोलच्या लाइनला उष्णतेपासून वाचवणारे काहीच उरत नाही.