‘ग्रीन होम’चं सर्टिफिकेट : गावात घर बांधणाऱ्यानं त्यातलं काय घ्यावं?

तेल्हारा : प्लॉट-फ्लॅटच्या जाहिरातीत ‘ग्रीन होम’, ‘इको होम’ हे शब्द आता मोबाईलवर नेहमी दिसतात. पण दारात चार झाडं लावली की घर ग्रीन होत नाही. त्यासाठी तपासणी होते, गुण मिळतात आणि मग सर्टिफिकेट मिळतं.

कोण देतं?
देशात दोन नावं मुख्य आहेत. पहिलं ‘गृहा’. टेरी ही संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ते मिळून उभं केलं. यात १ ते ५ स्टार मिळतात. २५०० चौरस मीटरच्या आतल्या बांधकामासाठी ‘स्वगृहा’ आहे. दुसरं नाव हैदराबादच्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं. ही २००१ पासून आहे. तिच्याकडं सर्टिफाईड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे दर्जे आहेत.

बिल्डर यामागं लागतात त्याला कारण आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अशा इमारतींना दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र मिळतं.

फसू नका
‘नोंदणी झाली’ आणि ‘सर्टिफिकेट मिळालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जादा पैसे मागत असतील तर सर्टिफिकेटची प्रत मागा. प्रकल्पाचं नाव त्या संस्थेच्या वेबसाईटवर आहे का, ते बघा.

आपल्याला काय उपयोग?
घरकुलाला ठरावीकच रक्कम मिळते. त्यात सर्टिफिकेटची फी भरण्यात अर्थ नाही. पण गुण ज्या कामांना मिळतात, ती कामं आपल्याला करता येतात.

- छत : उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. घर तापतं ते मुख्यतः वरून. स्लॅबला चुना किंवा टिनाला पांढरा रंग दिला तर ऊन परत फेकलं जातं.
- भिंत-खिडकी : दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं. तिथं मोठी खिडकी नको, निंबाची सावली हवी. खिडक्या समोरासमोर ठेवा, हवा खेळते.
- विटा : राखेच्या विटांना गुण मिळतात, कारण टाकाऊ राख कामी येते आणि सुपीक माती वाचते. पारसचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे.
- पाणी : खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, छतावरचं गोड. २५ चौरस मीटरच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसतरा हजार लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी चौदा हजार लिटर हाती लागतं.

घरातलं खरं सर्टिफिकेट
पंखा, फ्रिज यांच्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टारचं लेबल असतं. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, पाच स्टारचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला २० युनिट वाचतात. दोन पंख्यांचे ४० झाले. १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर वाढतो, म्हणून या ४० युनिटचं मोल जास्त.

पंखा कधीही बदलता येतो. खिडकीची जागा आणि छताचा उतार मात्र नंतर बदलत नाही. म्हणून पाया खोदण्याआधी मिस्त्रीसोबत बसून एवढ्या गोष्टी ठरवून घ्या.