हिरव्या पाटीचा स्वभाव

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘ग्लास इपॉक्सी’ मागितली, की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो : साइज काय, आणि कॉपर एका बाजूला हवं की दोन्ही? फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बुडवायची कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सर्किटची पाटी असेल, तर याहून जास्त ठरवायचं नसतंच. सिग्नल किती फ्रिक्वेन्सीचा, हा तिसरा प्रश्न उपस्थित होतो तो थेट गिगाहर्ट्झच्या घरात गेल्यावर, आणि तोवर डिझाइन बहुधा हातावेगळं झालेलं असतं.

या पाटीचं कागदोपत्री नाव एफआर-४. चार्जरपासून मदरबोर्डपर्यंत बहुतेक सगळीकडे तीच. हिरवा रंग तिचा स्वतःचा नव्हे, तो वरच्या सोल्डर मास्कचा. तो खरवडला की खाली फिकट पिवळसर अंग दिसतं : काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, इपॉक्सीत भिजवून, थरांवर थर ठेवून, तांब्याच्या पत्र्यासकट गरम दाबलेलं. तिच्या आधीची तपकिरी पाटी कागद आणि फिनॉलिकची. आपल्याकडचे जुने लोक तिला हायलम म्हणत. एफआर-४ ही श्रेणी अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेने १९६८ साली ठरवली, आणि तिच्या नावातली दोन अक्षरं आगीबद्दल आहेत : पेटली तर आपोआप विझावी. सिग्नल तिच्यातून कसा जाईल, याची हमी त्या नावात नाही. म्हणून दोन कारखान्यांच्या एफआर-४ पाट्या विजेच्या दृष्टीने सारख्या निघतीलच असं नाही. काचेचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे डीके (तो जितका जास्त, तितका सिग्नल सावकाश धावतो), सहाच्या वर, इपॉक्सीचा तीन-साडेतीन. कोणाचं प्रमाण किती, यावर पाटीचा आकडा ४.२ ते ४.८ मध्ये कुठेही पडतो.

बरं, तोही आकडा स्थिर नाही. इपॉक्सीच्या रेणूंमध्ये एका टोकाला थोडा धन, दुसऱ्या टोकाला थोडा ऋण भार असलेले गट असतात. विद्युत क्षेत्राची दिशा पालटली की ते वळू पाहतात. शाळेच्या कवायतीत ‘डावीकडे वळ, उजवीकडे वळ’ हे हुकूम फार भराभर आले, की चपळ मुलं वळतात आणि बाकीची अर्ध्यातच अडखळतात. इथेही तसंच होतं. वळणारे कमी झाले की डीके उतरतो, आणि अडखळण्यात जी ऊर्जा जाते तिची उष्णता होते. इपॉक्सीत सुस्त आणि चपळ अशा सगळ्या तऱ्हांचे गट मिसळलेले असल्यामुळे ही उतरण एकदम येत नाही, फ्रिक्वेन्सी दसपट होईल तशी थोडीथोडी होते. १ मेगाहर्ट्झला ४.७ असलेली पाटी १ गिगाहर्ट्झला ४.३ च्या आसपास येते.

एवढ्याने काय बिघडतं? वायफायचा पॅच अँटेना घ्या. २.४५ गिगाहर्ट्झसाठी तो आखताना १ मेगाहर्ट्झचा ४.७ हा आकडा वापरला आणि पाटी प्रत्यक्षात ४.३ निघाली, तर अँटेना शंभरएक मेगाहर्ट्झ वर जाऊन बसतो. वायफायचा तो पट्टा पुरता ८४ मेगाहर्ट्झचाही नाही. म्हणजे अँटेना उत्तम चालतो, फक्त भलत्याच गावी.

ऊर्जेच्या नुकसानीचा हिशेब आणखी कडक आहे. एफआर-४ चा लॉस टॅन्जंट, म्हणजे दर हेलकाव्यातल्या गळतीचं माप, ०.०२ च्या घरात, आणि तो फ्रिक्वेन्सीबरोबर फारसा बदलत नाही. पण दर सेकंदाला हेलकावे वाढले की प्रत्येक हेलकाव्यातली गळती साठत जाते. १ गिगाहर्ट्झला इंचाला साधारण ०.०९ डेसिबल जातं, म्हणजे नगण्य. १० गिगाहर्ट्झला दहापट. तिथे दहा इंचांचा ट्रॅक पार करेपर्यंत सिग्नलची शक्ती आठव्या हिश्शावर येते, आणि यात तांब्याचा वाटा धरलेलाच नाही. १ गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या दोनेक मायक्रॉनमध्येच वाहतो. पाटीला नीट चिकटावं म्हणून तांब्याची खालची बाजू मुद्दाम खडबडीत ठेवलेली असते, आणि प्रवाहाला नेमक्या त्याच चढउतारांवरून जावं लागतं.

यात ओलाव्याची भर पडते. पाण्याचा डीके ऐंशीच्या आसपास. इपॉक्सी दमट हवेतला ओलावा थोडा का होईना पितेच, आणि डीके व गळती दोन्ही वाढतात. कोकणातल्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही. ओली पाटी सोल्डरिंगच्या उष्णतेत फुगू शकते, म्हणून ती आधी भट्टीत सुकवतात, ते वेगळंच.

सिम्युलेशन करणाऱ्यांची गंमत याहून न्यारी. डीके आणि लॉस टॅन्जंट दोन्ही आकडे सगळ्या फ्रिक्वेन्सींना कायम धरले, तर गणितात सिग्नल निघायच्या आधीच पोचू लागतो! ऊर्जा गिळणाऱ्या पदार्थाचा डीके बदललाच पाहिजे, हे कार्यकारणाच्या नियमातूनच निघतं. बेलग्रेडचे अँटोनिये जॉर्जेविच, सिरॅक्यूजचे तपन सरकार आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली एफआर-४ साठी या दोन्हींची सांगड घालणारं सूत्र मांडलं. आज सिम्युलेशनच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते असतं. माझ्या मते डेटाशीटवरच्या एकट्या आकड्यापेक्षा हे सूत्र जास्त प्रामाणिक आहे.

उपाय अर्थात आहेत. रॉजर्ससारख्या कंपन्यांच्या पाट्यांचा लॉस टॅन्जंट ०.००४ च्याही खाली असतो, फक्त खिसा मोकळा होतो. मोटारीच्या ७७ गिगाहर्ट्झ रडारमध्ये म्हणूनच अनेकदा वरचा एकच थर असा भारी असतो आणि खाली साधी एफआर-४. संगणकात वेगळी वाट निघाली. प्रोसेसर आणि कार्डं जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसचा वेग २००३ मधल्या २.५ वरून २०१९ मध्ये सेकंदाला ३२ गिगाट्रान्सफरवर गेला. पुढची दुप्पट फ्रिक्वेन्सी वाढवून गाठायची, तर पाटीत सिग्नल मरतो. मग २०२२ च्या आवृत्तीत फ्रिक्वेन्सी तीच ठेवली आणि व्होल्टेजच्या दोन पातळ्यांऐवजी चार पातळ्यांत माहिती बसवली. काही सर्व्हरमध्ये तर सर्वात वेगवान सिग्नल पाटीवरून उचलून बारीक तांब्याच्या केबलने पलीकडे नेतात, आणि खालच्या एफआर-४ वर वीजपुरवठा आणि संथ सिग्नल तेवढे उरतात.