लोखंडाचे दोन भार

रसायनशास्त्रांतील सूत्र ही वस्तुतः फळ्यावर लिहून दाखविण्याची गोष्ट. नभोवाणीवर ती तोंडानेंच सांगावी लागते. म्हणून कागद-पेन्सिल जवळ असूं द्यावी.

मिठाचें सूत्र मुलें चटकन् लिहितात. सोडियमच्या कणावर एक धन विद्युद्भार, क्लोरीनच्या कणावर एक ऋण; जमाखर्च तेथेंच मिटतो. लोखंड समोर आलें कीं मात्र हुशार विद्यार्थीहि अडखळतो. लोखंड हा संक्रमण धातु आहे. त्याच्या कणावर कधीं दोन धन भार असतात, कधीं तीन. तांब्याचें असेंच, एक किंवा दोन. शेजारचें जस्त तेवढें एकवचनी, त्याचे नेहमीं दोनच.

हा फरक केवळ लिहिण्यापुरता नाहीं. हिराकसाचे हिरवट खडे म्हणजे दोनभारी लोखंडाचें सल्फेट. दमट हवेंत ते उघडे राहिले कीं त्यांवर पिवळट तांबूस पूड धरते; तेथें लोखंड तीनभारी झालेलें असतें. पांडुरोगावर आजहि जें लोहसल्फेट देतात तें दोनभारीच, कारण आंतड्यांत तें अधिक सहज शोषलें जातें. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिनमधील लोखंडहि दोनभारी असेल तोंवरच प्राणवायु वाहून नेतें. विहिरीच्या पाण्यांत नायट्रेट फार असलें तर तान्ह्या मुलाच्या रक्तांतील हें लोखंड तीनभारी होऊं लागतें, आणि मूल निळें पडतें.

म्हणून नांवांतच भार सांगावा लागतो. जुनीं पुस्तकें दोनभारी लोखंडास फेरस व तीनभारी लोखंडास फेरिक म्हणत. १९१९ सालीं आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनज्ञानें धातूच्या नांवापुढें भाराचा आकडा घालण्याची पद्धति सुचविली; आज तो आकडा कंसांत रोमन अंकांनीं लिहितात. पद्धति उत्तम, पण मुलें फसतात तींहि येथेंच. 'आयर्न तीन क्लोराइड' असें ऐकतांच तीनाचा आकडा लोखंडाच्या पायाशीं लिहून मोकळीं होतात! तो आकडा लोखंडाच्या कणांची संख्या नव्हे, एका कणावरील भार होय. तीन धन भार फेडण्यास एकेक ऋण भाराचे तीन क्लोरीन लागतात. म्हणजे तीन उमटतो तो क्लोरीनखालीं : एफ-ई, सी-एल ३.

प्राणवायूच्या कणावर दोन ऋण भार. तीन आणि दोन यांचा मेळ सहावर बसतो, म्हणून एफ-ई २, ओ ३. दोनभारी लोखंडाशीं मात्र एकास एक पुरे. तेथें दोन-दोन लिहूं नये. सल्फेटचा जुडगा मोडावयाचा नाहीं. तीनभारी लोखंडाबरोबर तो कंसांत ठेवून बाहेर तीन लिहावा, व लोखंडाखालीं दोन.

आतां चुंबकपाषाण घ्या : एफ-ई ३, ओ ४. चार प्राणवायूंचे आठ ऋण भार. तीन लोखंडांत आठ सारखे वांटतां येत नाहींत. पण एक लोखंड दोनभारी आणि दोन तीनभारी धरलीं कीं बेरीज बिनचूक आठ येते. त्या दगडांत प्रत्यक्षांतहि दोन्ही प्रकारचें लोखंड याच प्रमाणांत शेजारीं शेजारीं बसलेलें आहे.