अमेरिकन दूरचित्रवाणीवरील प्रहसने आणि काळा विनोदी नट

अमेरिकेतील काळ्या माणसांचा विचार आपल्याकडे झाला तो प्रामुख्याने दोन अंगांनी, चळवळीच्या आणि साहित्याच्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि पुढे दलित साहित्य व काळे साहित्य यांची तुलना हा आपल्या चर्चासत्रांचा एक ठरलेला विषय होऊन बसला. कवितेवर बोलून झाले, आत्मकथनांवर बोलून झाले. काळ्या माणसाच्या विनोदाकडे मात्र आपण फारशा गंभीरपणे पाहिले नाही. आपल्यावर हसणाऱ्यांचा आपल्याला इतका पिढीजात अनुभव आहे की हसणे या गोष्टीविषयीच आपल्या मनात एक अढी असते. ती अढी मी समजू शकतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेतील कितीतरी काळे कलावंत घराघरात पोचले ते दूरचित्रवाणीवरील छोट्या प्रहसनांच्या वाटेने. या वाटेवर त्यांना काय मिळाले आणि त्यांच्याकडून काय काढून घेतले गेले, हे पाहिल्यावर हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे असे मला वाटू लागले आहे.

इंग्रजीत ज्याला स्केच कॉमेडी म्हणतात ती म्हणजे तीन ते सहा मिनिटांच्या प्रहसनांची मालिका. कथानक पुढे सरकत नाही. तोच नट एका प्रहसनात न्यायाधीश, दुसऱ्यात दारुड्या, तिसऱ्यात राष्ट्राध्यक्ष होतो. मी इंग्रजी शिकवतो ते एका तालुक्याच्या गावी. माझे विद्यार्थी अशा प्रहसनांचे तुकडे मोबाईलवर पाहतात आणि मला अर्थ विचारायला येतात. माझा या विषयातील अभ्यास त्यांच्यामुळेच सुरू झाला. एकट्याने उभे राहून बोलणारा विनोदकार स्वतःचे शब्द घेऊन येतो. लोक हसले नाहीत तर दोष त्याचा, हसले तर श्रेयही त्याचे. प्रहसनातल्या नटाचे तसे नाही. त्याच्यासाठी कोणीतरी लिहावे लागते, लिहिलेले कोणीतरी निवडावे लागते, आणि मगच तो पडद्यावर दिसतो.

ही निवड कशी होते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी एनबीसी वाहिनीवर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. त्याचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी लेखक आणि नट त्या आठवड्याच्या पाहुण्यासमोर कल्पना मांडतात. मंगळवारी रात्रभर लेखन चालते. बुधवारी एका मोठ्या टेबलाभोवती बसून चाळीसच्या आसपास प्रहसने वाचली जातात आणि निर्माता व पाहुणा दार बंद करून त्यांतली थोडी ठेवतात. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तिच्यातही काही गळतात, आणि रात्री साडेअकराला उरलेली थेट प्रक्षेपित होतात. म्हणजे नट कितीही गुणी असो, बुधवारच्या टेबलावर त्याच्यासाठी कागद नसेल तर शनिवारी तो मागे उभा राहणार. त्या टेबलाभोवती कोण बसते, यावर माणसांची आयुष्ये ठरली आहेत.

पहिल्या संचातील एकमेव काळा नट गॅरेट मॉरिस हा शिकलेला गायक आणि नाटककार होता. त्याला प्रथम घेतले होते ते लेखक म्हणून. नंतर तो नट झाला आणि त्याच्या वाट्याला बहुतेक किरकोळ कामे आली. त्याचे सर्वांत लक्षात राहिलेले काम कोणते? बातम्या देणाऱ्याच्या शेजारी, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी म्हणून, तोंडाशी हात धरून तीच बातमी ओरडून सांगणे. त्याच संचातले चेव्ही चेस, जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड बघता बघता चित्रपटांचे नायक झाले. मॉरिस १९८० पर्यंत राहिला आणि तसाच बाहेर पडला. लेखकांच्या खोलीतील वर्णभेदाविषयी पुढे तो उघडपणे बोलला.

त्याच पहिल्या वर्षी, १३ डिसेंबर १९७५ रोजी, रिचर्ड प्रायर पाहुणा म्हणून आला. तो काय बोलेल याची वाहिनीला एवढी धास्ती की थेट प्रक्षेपणाची मिरवणारा हा कार्यक्रम त्या रात्री काही सेकंद उशिराने सोडण्यात आला. प्रायरने येताना आपला लेखक पॉल मूनी बरोबर आणला होता. त्या रात्रीचे एक प्रहसन नोकरीच्या मुलाखतीचे आहे. गोरा साहेब एक शब्द उच्चारतो आणि काळ्या उमेदवाराने मनात येईल तो दुसरा शब्द सांगायचा. सुरुवातीला साधे शब्द येतात. मग साहेबाच्या तोंडून हळूहळू काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिव्या येऊ लागतात आणि उमेदवारही उलट शिव्या देऊ लागतो. शेवटी साहेब इतका घाबरतो की पगार वाढवत वाढवत त्याला नोकरी देतो. आणि नोकरी कसली, तर झाडूवाल्याची. मूनीने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की हे त्याने लिहिले, आणि त्याला कामावर घेण्याआधी वाहिनीच्या लोकांनी त्याची जी उलटतपासणी केली तिच्यातूनच ते सुचले. अवघ्या काही मिनिटांच्या या प्रहसनात नोकरशाही, भाषा आणि वर्ण यांचे जे नाते उघडे पडते, ते मला जाडजूड प्रबंधांतही सापडलेले नाही. १९७७ साली प्रायरला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्यात त्याने अमेरिकेचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष रंगवला. वाहिनीशी खटके उडाले आणि चार भागांत कार्यक्रम संपला.

एडी मर्फीची गोष्ट यशाची आहे. १९८० साली जुना संच आणि निर्माता लॉर्न मायकल्स निघून गेल्यामुळे कार्यक्रम बुडायच्या बेतात होता. तेव्हा एकोणीस वर्षांचा मर्फी दुय्यम नट म्हणून आला आणि त्याने तो तारला. १९८२ मध्ये पहिला चित्रपट, १९८३ मध्ये दुसरा, आणि १९८४ च्या अखेरीस ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ने तो जगभर पोचला. चार वर्षे दर शनिवारी दिसणारा चेहरा चित्रपटाच्या तिकिटावर कसा वटवता येतो, हे त्याने दाखवून दिले. पण त्याला लोकप्रिय करणारी सोंगे पाहा. एक बकव्हीट. जुन्या चित्रपटमालिकेतल्या बोबड्या काळ्या पोराचे हे विडंबन. गोरे प्रेक्षक मालिकेवर हसत होते की पोरावर, हे कोणी सांगावे? १९८३ मध्ये मर्फीने हे पात्र प्रहसनातच गोळी घालून मारून टाकले. उलट ‘मिस्टर रॉबिन्सन’ या सोंगात मुलांच्या एका गोड कार्यक्रमाची नक्कल होती, पण घर झोपडपट्टीतले आणि दारावर घरमालकाची थाप. १९८४ च्या डिसेंबरात तर त्याने तोंडाला गोरा रंग लावून शहरभर हिंडण्याचे प्रहसन केले. बसमधला शेवटचा काळा माणूस उतरताच आत संगीत सुरू होते. येथे हसणाऱ्याला आपण कशावर हसतो आहोत याविषयी संदेह राहत नाही. मर्फीसाठी सर्वाधिक लिहिणारे ब्लॉस्टीन आणि शेफील्ड हे दोघे गोरे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. लेखकाच्या कातडीचा रंग पाहून प्रश्न सुटत असता तर फारच सोपे झाले असते. त्या दोघांनी नटाच्या तोंडातली भाषा नटाकडूनच घेतली, हा फरक आहे.

डॅनिट्रा व्हान्सच्या वाट्याला ते आले नाही. १९८५-८६ च्या हंगामात ती त्या कार्यक्रमाच्या कायम संचातली पहिली काळी स्त्री ठरली. रंगभूमीवर कसलेली नटी. पण तिला मिळाल्या त्या मोलकरणी आणि कुमारवयीन माता. शेवटी तिने एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर ‘मी मोलकरणींच्या भूमिका करते’ अशा अर्थाचे विडंबन सादर केले आणि वर्षभरातच ती बाहेर पडली. हे वाचताना मला माझे कॉलेजचे स्नेहसंमेलन आठवले. बसवलेल्या नाटुकल्यात दरवर्षी एक रामा गडी असे आणि तो दरवर्षी वसतिगृहातलाच मुलगा असे. एके वर्षी तो मी होतो. संवाद बसवणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितले, ‘तू काही करू नकोस, घरी बोलतोस तसा बोल.’ सभागृह खूप हसले. माझ्या आईचे बोलणे हा त्यांचा विनोद होता.

याच सुमारास, १९८६ मध्ये, डेमन वेयन्स या तरुण नटाने लिहिलेले न बोलता आपल्या मनचे केले म्हणून त्याला कार्यक्रमातून काढून टाकले. चार वर्षांनी त्याचा भाऊ कीनन आयव्हरी वेयन्स याने फॉक्स वाहिनीवर ‘इन लिव्हिंग कलर’ सुरू केला. १५ एप्रिल १९९० हा त्याचा पहिला दिवस. निर्माता काळा, संच बहुतांशी काळा, आणि पॉल मूनीसारखा लेखक हाताशी. डेमनने केलेला होमी हा विदूषक आजही लोकांच्या स्मरणात आहे. तुरुंगातून सुटलेला हा माणूस शिक्षेचा भाग म्हणून मुलांच्या वाढदिवसांना विदूषक होतो, पण हसवण्याचे साफ नाकारतो. मुलांनी नेहमीचे चाळे करायला सांगितले की मोज्यात काहीतरी भरून त्यांच्या डोक्यावर मारतो आणि गोऱ्या सत्तेवर व्याख्यान देतो. वगातला सोंगाड्या राजाची टर उडवतो, पण राजाच्या दरबारात राहून. होमी दरबारच मानत नाही. विदूषकाने दिलेला नकार हा विद्रोहाचा फार अस्सल प्रकार आहे, असे माझे मत आहे.

या कार्यक्रमाला निर्दोष म्हणता येणार नाही. समलिंगी पुरुषांची त्यात सर्रास टवाळी आहे, आणि काळ्या मध्यमवर्गातूनही तक्रार होती की आपल्याच वस्तीतली माणसे आपण गोऱ्यांच्या करमणुकीसाठी मांडतो आहोत. तक्रार खोटी नव्हती. पण त्या चार वर्षांतून किती माणसे उभी राहिली पाहा. जेमी फॉक्स १९९१ मध्ये आला. ‘रे’ या चित्रपटासाठी त्याला २००५ मध्ये ऑस्कर मिळाले. जेनिफर लोपेझ तेथे नाचणाऱ्या मुलींपैकी एक होती. आणि सर्वांत झपाट्याने वर गेला तो संचातला गोरा नट, जिम कॅरी. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने त्याला नाकारले होते, काळ्यांच्या घरात त्याला जागा मिळाली आणि १९९४ या एकाच वर्षात त्याचे तीन चित्रपट गाजले.

फॉक्सने हे औदार्याने केले नव्हते. नवी वाहिनी, तीन जुन्या बलाढ्य वाहिन्यांशी स्पर्धा. शहरांतला तरुण आणि काळा प्रेक्षक तिला पायरी म्हणून हवा होता. जानेवारी १९९२ मध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात या संचाने थेट प्रयोग केला तेव्हा दोन कोटींहून अधिक लोकांनी सामना सोडून वाहिनी बदलली. पुढे वेयन्सचा वाहिनीशी पुनःप्रक्षेपणावरून वाद झाला आणि तो बाहेर पडला. १९९३ च्या अखेरीस फॉक्सने फुटबॉलचेच हक्क विकत घेतले, आणि १९९४ मध्ये या कार्यक्रमासह काळ्यांचे चार कार्यक्रम बंद केले.

डेव्ह शॅपेलचे प्रकरण आणखी वेगळे. २००३ साली कॉमेडी सेंट्रलवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच भागात एक आंधळा माणूस गोऱ्यांच्या वर्चस्वाचा कट्टर प्रचारक असतो. आपण काळे आहोत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जात कातडीत नसून डोक्यात कशी भरली जाते हे ज्यांना वर्गात शिकवायचे आहे त्यांनी हे प्रहसन जरूर पाहावे. २००४ मध्ये त्याच्याशी सुमारे पाच कोटी डॉलरचा करार झाला. २००५ मध्ये तो काम अर्धवट टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. लोक म्हणाले, वेड लागले. पुढच्या वर्षी त्याने कारण सांगितले. तोंडाला काळे फासून एक प्रहसन करताना चित्रीकरणाच्या जागी एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणे त्याला खटकले. पैसा होता, लेखणी होती, निवडीचा अधिकार होता. हशा मात्र हाताबाहेर गेला होता. शिवाय कार्यक्रमाची मालकीही त्याची नव्हती. २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा त्याला एक पैसाही मिळाला नाही. त्याने लोकांना तो न पाहण्याचे जाहीर आवाहन केले, आणि २०२१ मध्ये हक्क व मोबदला दोन्ही मिळवले.

आता २०१३ कडे येतो. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये अडतीस वर्षांत चारच काळ्या स्त्रिया झाल्या होत्या आणि त्या वर्षी एकही नव्हती. केनन थॉम्पसन या तिथल्याच काळ्या नटाने मुलाखतीत सांगितले की चाचणीत तयारीच्या नट्या सापडत नाहीत. आपल्या वाचकांपैकी जे राखीव जागांच्या मुलाखतींना बसले आहेत त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. ‘योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही’ हा शेरा मी स्वतः तीन वेळा मिळवला आहे. अमेरिकेत त्यावर गदारोळ झाला, डिसेंबरात खास चाचणी घेण्यात आली, आणि जानेवारी २०१४ मध्ये एक नट्टी व दोन लेखिका मिळून तीन काळ्या स्त्रिया ‘सापडल्या’. लेखिकांपैकी लेस्ली जोन्स त्याच वर्षी पडद्यावर आली. तिचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते आणि पाव शतकाहून अधिक काळ ती विनोदाच्या धंद्यात होती. एवढी वर्षे ती कोणाला दिसली नव्हती!

२०१९ मध्ये रॉबिन थीड हिने एचबीओवर ‘अ ब्लॅक लेडी स्केच शो’ सुरू केला. नट्या काळ्या, आणि लेखनाच्या खोलीतही सगळ्या काळ्या स्त्रियाच. तो चार हंगाम, २०२३ पर्यंत चालला. पहिल्या हंगामातली क्विंटा ब्रन्सन ही त्यातून बाहेर पडून स्वतःची मालिका लिहू लागली. तिची आई बालवर्गाची शिक्षिका होती. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ ही मालिका फिलाडेल्फियातील एका सरकारी प्राथमिक शाळेची आहे, आणि बहुतेक शिक्षक व मुले काळी आहेत. पहिल्या भागातला सगळा पेच असा की वर्गात मुलांना बसायला नवी सतरंजी हवी आहे आणि शाळेकडे पैसे नाहीत. या भागाच्या लेखनासाठी ब्रन्सनला २०२२ चे एमी पारितोषिक मिळाले.